डंकर्कनंतरचे सैनिक : सुटकेच्या आकड्याबाहेर राहिलेल्यांची कहाणी



दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात काही आकडे असे आहेत की ते उच्चारताच एक संपूर्ण प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो. ३,३८,२२६ हा त्यांपैकी एक. १९४० च्या २६ मे ते ४ जून या दिवसांत फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील डंकर्क या बंदरातून आणि त्याच्या आसपासच्या वाळवंटी किनाऱ्यावरून इतके सैनिक समुद्रमार्गे इंग्लंडला सुखरूप पोहोचले. त्यांत सुमारे १ लाख ९८ हजार ब्रिटिश होते आणि सुमारे १ लाख ४० हजार फ्रेंच व इतर मित्रराष्ट्रीय सैनिक होते. विनाशिका, प्रवासी जहाजे, मासेमारीचे पडाव, सहलीच्या नौका अशी मिळेल ती साधने या कामी लावण्यात आली. या घटनेवर पुढे ग्रंथ लिहिले गेले, चित्रपट निघाले आणि डंकर्क हे नाव चमत्काराचा पर्याय होऊन बसले.

हा आकडा खरा आहे. परंतु तो सुटलेल्यांचा आकडा आहे. जे सुटले नाहीत, किंबहुना ज्यांच्या न सुटण्यामुळेच इतरांना सुटण्यास अवसर मिळाला, ते या आकड्यात नाहीत. डंकर्कच्या आधी दोन दिवस, डंकर्क चालू असताना आणि डंकर्क संपल्यानंतरही तीन आठवडे फ्रान्सच्या भूमीवर सैनिक लढत होते. त्यांपैकी कित्येकांना आपल्यासाठी एकही जहाज येणार नाही हे ठाऊक होते. कित्येकांना ते अखेरपर्यंत कोणी सांगितलेच नाही. आज या मागे राहिलेल्या सैनिकांचा विचार करावयाचा आहे.

पार्श्वभूमी

१० मे १९४० रोजी जर्मनीने हॉलंड, बेल्जियम व फ्रान्स यांवर एकाच वेळी आक्रमण केले. मित्रराष्ट्रांची उत्तम सैन्ये शत्रूला तोंड देण्यासाठी बेल्जियममध्ये पुढे सरकली आणि त्याच वेळी जर्मनांच्या चिलखती डिव्हिजन्स आर्देनच्या डोंगराळ अरण्यातून बाहेर पडून थेट समुद्राच्या दिशेने निघाल्या. २० मे रोजी त्या सोम नदीच्या मुखाशी पोहोचल्या. परिणामी मित्रराष्ट्रांच्या सैन्याचे दोन तुकडे झाले. उत्तरेकडील तुकडा समुद्र व शत्रू यांच्या कात्रीत सापडला. दक्षिणेकडील तुकडा सोमच्या खाली राहिला. उत्तरेकडील सैन्यास समुद्रावाटे काढून घेणे एवढाच मार्ग उरला आणि त्यासाठी वेळ हवा होता. रणांगणावर वेळ मिळवावा लागतो तो माणसांच्या बळावर. माघार घेणाऱ्या सैन्याच्या पाठीशी उभे राहून शत्रूला अडविणाऱ्या तुकड्यांना पिछाडीचे सैन्य म्हणतात. त्यांचे काम एका वाक्यात सांगता येते : इतर निघून जाईपर्यंत जागेवरून हलावयाचे नाही.

कॅले : नाकारलेली सुटका

डंकर्कच्या पश्चिमेस कॅले हे बंदर आहे. २२ मेपासून तेथे ब्रिटिश तुकड्या उतरविण्यात आल्या. ब्रिगेडियर क्लॉड निकल्सन यांच्या हाताखाली पायदळाच्या तीन पलटणी, एक रणगाडा पलटण आणि सोबत काही शे फ्रेंच सैनिक व खलाशी, एवढेच बळ होते. समोर जर्मनांची दहावी चिलखती डिव्हिजन होती.

प्रारंभी या तुकड्यांना परत नेण्याचा विचार होता. पण मित्रराष्ट्र फ्रान्सला काय वाटेल आणि डंकर्ककडे जाणारी वाट किती काळ अडवून धरता येईल, या दोन प्रश्नांमुळे तो विचार मागे पडला. २५ मे रोजी जर्मनांनी शरण येण्यास सांगितले, तेव्हा निकल्सन यांनी नकार दिला. त्याच रात्री लंडनमध्ये पंतप्रधान चर्चिल व त्यांचे युद्धखात्यातील सहकारी यांनी कॅलेच्या सैन्यास काढून न घेण्याचा निर्णय कायम केला आणि तो निकल्सन यांना कळविण्यात आला. जखमींना घेऊन जाणाऱ्या नौका किनाऱ्यालगत येत होत्या. धडधाकट सैनिक मात्र जुन्या किल्ल्यात व बंदराच्या गल्ल्यांत लढत राहिले. २६ मेच्या दुपारी किल्ला पडला. त्याच संध्याकाळी सहा वाजून सत्तावन्न मिनिटांनी डंकर्कहून सैन्य काढून घेण्याच्या मोहिमेचा आदेश निघाला.

कॅलेच्या प्रतिकारामुळे डंकर्क वाचले असे चर्चिल यांचे मत होते. जर्मन सेनानी गुडेरियन यांनी ते मान्य केले नाही आणि इतिहासकारांतही याविषयी मतभेद आहेत. हा वाद बाजूस ठेवला तरी एक गोष्ट उरते. आपली सुटका नाकारण्यात आली आहे हे कळल्यानंतरही तेथील सैनिकांनी काम सोडले नाही. ब्रिगेडियर निकल्सन यांनी पुन्हा मायदेश पाहिला नाही. १९४३ मध्ये जर्मनीत बंदिवासातच त्यांचे निधन झाले.

लील : चार दिवसांची किंमत

डंकर्कपासून साठ-सत्तर किलोमीटर आत लील हे औद्योगिक शहर आहे. २८ मे रोजी फ्रान्सच्या पहिल्या सैन्याचा मोठा भाग तेथे वेढला गेला. जनरल मॉलिनिए यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ३५ ते ४० हजार सैनिक शहराच्या उपनगरांत मोर्चे बांधून उभे राहिले. त्यांत मोरोक्को, अल्जीरिया व ट्युनिशिया या तत्कालीन फ्रेंच अमलाखालील देशांतून आलेल्या सैनिकांचा मोठा भरणा होता. सहाराच्या काठावरची ही माणसे परक्या राज्यकर्त्यांच्या लढाईत उत्तर फ्रान्समधील कारखान्यांच्या भिंतींआड गोळ्या झेलीत होती.

३१ मेपर्यंत त्यांनी सुमारे सात जर्मन डिव्हिजन्सना तेथे गुंतवून ठेवले. त्या डिव्हिजन्स मोकळ्या असत्या तर त्यांचा रोख डंकर्ककडे वळला असता हे उघड आहे. दारूगोळा संपल्यावर शरणागती पत्करण्यात आली. १ जून रोजी जर्मन सेनानी वेगर यांनी या सैनिकांना शहराच्या मुख्य चौकातून शस्त्रांसह संचलन करू दिले आणि आपल्या सैनिकांकडून त्यांना मानवंदना देवविली. या औदार्याबद्दल वेगर यांना वरिष्ठांचा रोष सहन करावा लागला. लीलचे हे चार दिवस ब्रिटनमधील लोककथेत फारसे आढळत नाहीत. डंकर्कहून सुटलेल्या अनेकांना आपल्यासाठी लीलमध्ये कोण लढले याची कल्पनाही नव्हती.

सर्वच पराभूतांच्या वाट्याला मानवंदना आली असे मात्र नाही. २७ मे रोजी ल पॅराडी या खेड्यात रॉयल नॉर्फोक पलटणीच्या ९७ सैनिकांना, त्यांनी शरणागती पत्करल्यानंतर, एका कोठाराच्या भिंतीपुढे उभे करून एस.एस. तुकडीने गोळ्या घातल्या. दोघेजण प्रेतांखाली दडून वाचले. त्यांच्या साक्षीवरून त्या तुकडीच्या अधिकाऱ्यास १९४९ मध्ये फाशी झाली. ते दोघे जिवंत राहिले नसते तर या ९७ जणांची नोंद केवळ 'लढाईत पडले' अशी राहिली असती.

चिठ्ठ्या टाकून ठरलेले भवितव्य

डंकर्कच्या परिघातही मागे कोणी राहावयाचे हा प्रश्न दररोज उपस्थित होत होता. त्याचे सर्वांत हृदयस्पर्शी उत्तर लष्करी रुग्णालयात दिले गेले. गंभीर जखमींना जहाजांवर नेणे अशक्य झाले, तेव्हा दर शंभर जखमींमागे एक अधिकारी व दहा माणसे यांनी मागे राहावे असा आदेश आला. रोझेंदाल या उपनगरातील रुग्णालयात डॉक्टरांच्या व परिचारकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. ज्यांची नावे आली ते थांबले. त्यांनी जखमींची शुश्रूषा चालू ठेवली आणि जर्मन आल्यावर ते आपल्या रुग्णांसह कैदी झाले. युद्धाच्या इतिहासात सेवाव्रताचे याहून मोठे उदाहरण शोधावे लागेल.

बंदराचा अखेरचा बचाव प्रामुख्याने फ्रेंच सैन्याने केला. २ जून रोजी बाराव्या मोटराइज्ड डिव्हिजनचे सेनापती जनरल जॅन्सेन बाँबहल्ल्यात धारातीर्थी पडले. ३ जूनच्या रात्री शेवटच्या फेऱ्यांसाठी जहाजे आली. त्या रात्री २६ हजारांहून अधिक फ्रेंच सैनिक निघू शकले. पण धक्क्यावर गर्दी झाली ती शहराच्या तळघरांतून बाहेर आलेल्या भरकटलेल्या सैनिकांची. ज्यांनी अखेरच्या क्षणापर्यंत आघाडी धरली ते धक्क्यावर पोहोचले तेव्हा जागा उरली नव्हती. ४ जूनच्या पहाटे पावणेचारच्या सुमारास 'शिकारी' नावाची विनाशिका तेथून निघाली. तिच्यानंतर कोणी आले नाही. ३५ हजारांहून अधिक फ्रेंच सैनिक त्या सकाळी बंदी झाले.

सेंट व्हॅलेरी : धुक्यात हरवलेली जहाजे

सर्वसाधारण समजूत अशी की डंकर्कनंतर फ्रान्समध्ये ब्रिटिश सैन्य उरलेच नाही. वस्तुतः सोम नदीच्या दक्षिणेस सुमारे १ लाख ४० हजार ब्रिटिश सैनिक तेव्हाही होते. त्यांत रसदीचे, दळणवळणाचे व बांधकामाचे लोक बरेच होते. परंतु एक पूर्ण लढाऊ डिव्हिजनही होती : स्कॉटलंडची ५१ वी हायलँड डिव्हिजन. सेनापती होते मेजर जनरल व्हिक्टर फॉर्च्यून.

ही डिव्हिजन डंकर्कला नसण्याचे कारण साधे होते. एप्रिलच्या अखेरीस ती फ्रेंच सेनापतींच्या हुकमतीखाली पूर्व सरहद्दीवरील मॅजिनो तटबंदीकडे पाठविण्यात आली होती. उत्तरेकडील सैन्य कोंडले गेले तेव्हा ती शेकडो किलोमीटर दूर होती. पुढे तिला रेल्वेने व रस्त्याने फिरवून सोमच्या काठी आणण्यात आले. ४ जून रोजी, म्हणजे डंकर्कची मोहीम संपली त्याच दिवशी, तिने ॲबव्हिल येथे फ्रेंचांसह हल्ला चढविला. तो फसला. दुसऱ्याच दिवशी जर्मनांचे दुसरे मोठे आक्रमण सुरू झाले. अनेक मैलांच्या आघाडीवर विरळ पसरलेल्या या डिव्हिजनच्या काही पलटणी एका दिवसात निम्म्या झाल्या.

त्यानंतर माघार सुरू झाली. फॉर्च्यून यांना वाटत होते की वेळीच ल हाव्र या बंदराकडे सरकावे. परंतु फ्रेंच हुकमतीखाली असल्यामुळे त्यांना फ्रेंचांबरोबरच हलावे लागत होते आणि फ्रेंच पायदळाची बरीचशी वाहतूक घोड्यांवर होती. दरम्यान रूआँ शहर पडले. फॉर्च्यून यांनी एक ब्रिगेड व इतर काही तुकड्या पुढे ल हाव्रकडे पाठविल्या, त्या सुटल्या. उरलेली डिव्हिजन निघण्यापूर्वीच १० जून रोजी रोमेल यांची सातवी चिलखती डिव्हिजन समुद्रापर्यंत पोहोचली आणि वाट बंद झाली. आता एकच लहानसे बंदर उरले : सेंट व्हॅलेरी. दोन्ही बाजूंस खडूचे उंच कडे आणि मध्ये अरुंद दरीत वसलेले मासेमारांचे गाव.

११ जूनच्या दुपारी रोमेल यांच्या रणगाड्यांनी पश्चिमेकडील कडा घेतला आणि तेथून बंदरावर थेट तोफांचा मारा सुरू झाला. सैनिक रात्रीची वाट पाहत राहिले. इंग्लंडहून दोनशेच्या आसपास लहानमोठी जहाजे निघाली होती. त्या रात्री समुद्रावर दाट धुके पसरले. बहुतेक नौकांवर बिनतारी यंत्रे नव्हती. दिव्यांच्या खुणा एकमेकांस दिसेनात. बंदरात उभे असलेले हजारो सैनिक अंधारात पाण्याकडे पाहत राहिले आणि जहाजे आली नाहीत. पूर्वेस काही किलोमीटरांवर व्हेल-ले-रोझ येथे मात्र काही नौका किनाऱ्याला लागल्या. बंदुकांचे पट्टे व कांबळी एकमेकांस बांधून सैनिक कड्यांवरून खाली उतरले. काही जण त्यात पडून मरण पावले. २,१३७ ब्रिटिश व १,१८४ फ्रेंच सैनिक या मार्गाने वाचले.

१२ जूनच्या सकाळी चर्चच्या शिखरावर पांढरे निशाण दिसले. फॉर्च्यून यांनी ते उतरविण्यास सांगितले. तेव्हा कळले की ते फ्रेंचांनी उभारले होते आणि ज्या फ्रेंच कोअरच्या हुकमतीखाली ही डिव्हिजन होती तिच्या सेनापतींनी शरणागती पत्करली होती. दारूगोळा संपत आला होता, तोफांना उत्तर देण्यास तोफा नव्हत्या आणि समुद्र रिकामा होता. फॉर्च्यून यांनी शस्त्रे खाली ठेवण्याचा आदेश दिला. आठ ते दहा हजार ब्रिटिश सैनिक व त्यांहून कितीतरी अधिक फ्रेंच सैनिक कैदी झाले.

ही डिव्हिजन फ्रान्सची मैत्री राखण्यासाठी जाणूनबुजून बळी दिली गेली, अशी भावना स्कॉटलंडमध्ये अनेक वर्षे होती. आजही तेथे ती बोलून दाखविली जाते. तिच्यात सत्याचा अंश आहे. फ्रान्सने लढत राहावे यासाठी ब्रिटिश सैन्य फ्रान्समध्ये दिसणे चर्चिल यांना आवश्यक वाटत होते. परंतु तिला वाचविण्यासाठी जहाजे निघाली होती हेही तितकेच खरे. निर्णयास झालेला उशीर, परक्या हुकमतीचे बंधन, शत्रूचा वेग आणि एका रात्रीचे धुके या सर्वांनी मिळून तिचा घात केला. दोष एकाच माणसावर टाकला म्हणजे गोष्ट सोपी होते, पण मग तिच्यातून शिकण्यासारखे काही उरत नाही.

ज्यांची मोजदादच झाली नाही

सेंट व्हॅलेरीनंतर उरलेल्या ब्रिटिश सैन्याला पश्चिम फ्रान्सच्या बंदरांतून काढून घेण्यात आले. जूनच्या उत्तरार्धातील या मोहिमेत सुमारे १ लाख ९२ हजार लोक बाहेर पडले. ही संख्या डंकर्कच्या निम्म्याहून अधिक आहे. तरी ती क्वचितच कोणाच्या स्मरणात असते.

याच मोहिमेत १७ जून रोजी सेंट नाझेर बंदराबाहेर 'लँकॅस्ट्रिया' हे जहाज जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात वीस मिनिटांत बुडाले. किमान तीन हजार लोक मृत्यू पावले. नेमके किती, हे कधीच निश्चित होऊ शकले नाही. कारण जहाजावर किती माणसे चढली याची पूर्ण नोंद घेण्यास वेळच मिळाला नव्हता. लोकांचे मनोधैर्य खचेल म्हणून चर्चिल यांनी ही बातमी दाबून ठेवली. जुलैच्या अखेरीस ती प्रसिद्ध झाली, तोपर्यंत अनेक कुटुंबे टपालाची वाट पाहत होती.

आफ्रिकेतून आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांची स्थिती याहून कठीण होती. लियाँ शहराजवळ शासेले येथे १९ व २० जून रोजी, फ्रान्सच्या नव्या सरकारने युद्धबंदीची विनंती केल्यानंतरही, सेनेगाली तुकड्यांनी जर्मनांना अडविले. शरण आल्यावर त्यांच्यातील कृष्णवर्णीय सैनिकांना वेगळे काढून ठार मारण्यात आले. तेथे पश्चिम आफ्रिकेच्या पद्धतीची लाल मातीच्या रंगाची दफनभूमी आज उभी आहे.

मुंबई बंदरातून गेलेल्या खेचरांच्या तुकड्या

या कथेत भारताचाही एक अल्पसा पण खरा अध्याय आहे. हिवाळ्यात बर्फाने व चिखलाने मोटारी अडतील या अपेक्षेने ब्रिटिश सैन्याने भारताकडे खेचरांच्या तुकड्या मागितल्या होत्या. भारतीय सेनेच्या रसद विभागाच्या चार कंपन्या डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून निघाल्या आणि २६ डिसेंबर रोजी मार्सेय येथे उतरल्या. या जवानांत बहुसंख्य पंजाबी मुसलमान होते. डंकर्कच्या किनाऱ्यावर, बाँबहल्ले चालू असताना, ते शिस्तीने रांगेत उभे राहिल्याचे अनेकांनी नमूद केले आहे. जमादार मौला दाद खान यांना त्यांच्या शौर्याबद्दल पदक मिळाले. खेचरे मात्र जहाजांवर घेता आली नाहीत. ज्या मुक्या जनावरांना घेऊन ही माणसे समुद्र ओलांडून आली होती, त्यांना फ्रान्समध्येच सोडून जावे लागले.

तीन कंपन्या इंग्लंडला पोहोचल्या. चौथी, म्हणजे २२ क्रमांकाची कंपनी, पूर्व फ्रान्समध्ये होती. तिला समुद्र गाठताच आला नाही आणि जूनच्या उत्तरार्धात ती जर्मनांच्या हाती पडली. अशा रीतीने रावळपिंडीकडच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची मुले युरोपातील युद्धकैद्यांच्या छावण्यांत जाऊन पडली.

पाच वर्षांचा बंदिवास

सैनिकाने शस्त्र खाली ठेवले म्हणजे त्याचे युद्ध संपते, असे नकाशावर दिसते. प्रत्यक्षात तसे नसते. सेंट व्हॅलेरीच्या कैद्यांना उत्तर फ्रान्स व बेल्जियम ओलांडून दिवसचे दिवस पायी चालविण्यात आले. अन्न अपुरे होते. वाटेवरच्या स्त्रिया पाण्याच्या बादल्या रस्त्याकडेला ठेवीत. पहारेकरी पुष्कळदा त्या लाथाडून देत. पुढे ऱ्हाइन नदीवर कोळशाच्या पडावांतून आणि नंतर जनावरांच्या बंद डब्यांतून त्यांना जर्मनीत व पोलंडमध्ये नेले. जिनीव्हा येथील १९२९ च्या करारानुसार सामान्य सैनिकांना काम देण्याची मुभा होती. त्यामुळे पुढील पाच वर्षे ते शेतांवर, खाणींत व रस्त्यांवर राबले. रेडक्रॉसचे डबे आले म्हणजे तो सणाचा दिवस ठरे.

या बंदिवासातही माणसांनी आपले माणूसपण जपले. बव्हेरियातील लाउफेन येथील छावणीत स्कॉटिश अधिकाऱ्यांनी आपल्या डिव्हिजनच्या नावाने एक समूहनृत्य रचले. ते स्कॉटलंडमध्ये आजही नाचले जाते. जनरल फॉर्च्यून यांना १९४४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. आजारी कैदी म्हणून त्यांना मायदेशी पाठविण्याची तयारी होती. पण आपल्या माणसांना सोडून जाण्यास त्यांनी नकार दिला. १९४५ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात, रशियन सैन्य जवळ येऊ लागताच, कैद्यांना पुन्हा पश्चिमेकडे शेकडो किलोमीटर बर्फातून चालविण्यात आले. पाच वर्षे तग धरलेले कित्येक जण या शेवटच्या वाटचालीत गेले.

घरी काय घडत होते, तेही पाहिले पाहिजे. ५१ व्या डिव्हिजनच्या पलटणी ठरावीक परगण्यांतून भरती झालेल्या होत्या. एकाच खोऱ्यातील, एकाच शाळेतील मुले एकाच कंपनीत असत. त्यामुळे जून १९४० मध्ये कित्येक गावांतील तरुण एकदम 'बेपत्ता' झाले. जिवंत, जखमी की मृत हे कळण्यास कुटुंबांना आठवडे आणि कधी महिने लागले. त्याच दिवसांत देशभर डंकर्कच्या सुटकेचा आनंद साजरा होत होता. ज्यांचा मुलगा परत आला नाही, त्या घराला त्या आनंदात जागा नव्हती.

नोंद आणि ऋण

सुटकेची कहाणी सांगताना सुटलेले डोळ्यांसमोर असतात. ते बोलतात, आठवणी लिहितात. मागे राहिलेले गप्प असतात. म्हणून त्यांची नोंद ठेवण्याचे काम त्यांच्या स्वतःच्या आवाजावर सोडता येत नाही. ते राज्याने, समाजाने व शाळेने करावयाचे असते.

हे काम झाले नाही तर काय होते, याचे उदाहरण फ्रान्सनेच घालून दिले. लीलमध्ये जे लढले त्यांच्यासारख्या आफ्रिकी सैनिकांचे देश पुढे स्वतंत्र होऊ लागले. तेव्हा १९५९ च्या एका कायद्याने त्यांचे निवृत्तिवेतन त्या वेळच्या दरावर गोठविण्यात आले. त्यांच्याच शेजारी लढलेल्या फ्रेंच सैनिकाचे वेतन महागाईप्रमाणे वाढत गेले. यांचे जागच्या जागी राहिले. एकाच खंदकातल्या दोन माणसांच्या रक्ताला कागदावर दोन भाव लागले. २००१ मध्ये तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायसंस्थेने हा भेद अन्यायकारक ठरविला. २००७ पासून तो टप्प्याटप्प्याने दूर होऊ लागला. तोपर्यंत त्या पिढीतील बहुतेक सैनिक हयात नव्हते. रणांगणावर एकदा मागे राहिलेला सैनिक कार्यालयातील कागदांत दुसऱ्यांदा मागे राहतो तो असा.

याच्या उलट बाजूही आहे. सेंट व्हॅलेरीस कैदी झालेल्यांपैकी टॉम रेनी नावाचे एक अधिकारी थोड्याच दिवसांत निसटले आणि इंग्लंडला पोहोचले. ५१ वी डिव्हिजन नव्याने उभारण्यात आली. ती एल अलामेनला लढली, सिसिलीत लढली, नॉर्मंडीत उतरली. १९४४ मध्ये तिचे सेनापती होते हेच रेनी. त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या प्रारंभी फ्रान्समुक्तीची मोहीम उत्तरेकडे सरकली, तेव्हा सेंट व्हॅलेरी मुक्त करण्याचे काम मुद्दाम याच डिव्हिजनकडे सोपविण्यात आले. लष्करी दृष्ट्या ते कोणाही तुकडीला करता आले असते. पण ज्यांनी तो आदेश दिला त्यांना एका जुन्या ऋणाची आठवण होती. पुढे १९४५ च्या मार्चमध्ये ऱ्हाइन ओलांडताना रेनी धारातीर्थी पडले.

सेंट व्हॅलेरीच्या कड्यावर आज स्कॉटलंडहून आणलेल्या ग्रॅनाइटचे स्मारक आहे. समोरच्या कड्यावर फ्रेंच सैनिकांचे स्मारक आहे आणि मध्ये तेच अरुंद बंदर. गावाच्या दफनभूमीत ब्रिटिश व फ्रेंच सैनिक एकाच आवारात विसावले आहेत. १९४० मध्ये डंकर्ककडे व इतरत्र मिळून सुमारे ४० हजार ब्रिटिश सैनिक कैदी झाले. फ्रेंच कैद्यांची संख्या तर लाखांत गेली.

कोणत्याही संकटात, मग ते युद्ध असो, पूर असो वा भूकंप असो, सुटका झालेल्यांचा आकडा प्रथम जाहीर होतो आणि तसे होणे स्वाभाविकही आहे. परंतु ज्यांच्या हाती नोंदवही असते, त्यांनी त्याच पानावर दुसरा रकाना आखला पाहिजे : कोण राहिले, कोठे राहिले, कोणाच्या आदेशाने राहिले आणि त्यांच्या घरी कोण वाट पाहत आहे. डंकर्कच्या ३,३८,२२६ या संख्येशेजारी हा रकाना भरण्यास कित्येक दशके लागली आणि लँकॅस्ट्रियापुरता तो आजही कोराच आहे.